फँटसी जगाला भाषा देताना: बोली, लिपी आणि साक्षरता खेळात कशी आणायची

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक प्लेयरच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे त्याच्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, एक ओळ असते: 'भाषा: कॉमन, एल्विश, ड्वार्विश'. पहिल्या सेशनला, म्हणजे पहिल्या बैठकीला, ती भरली जाते आणि मग कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची ती सलग कथा, संपेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. डोंगरातला ट्रोल, बंदरावरचा सावकार, हजार वर्षं थडग्यात पडलेला राजा, सगळे कॉमनमध्ये, म्हणजे सर्वांना येणाऱ्या सामाईक भाषेत, बोलतात. शिलालेख सापडला की कुणीतरी विचारतं, "कुठल्या भाषेत आहे?" डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सांगतो, "एल्विश." "मला येते." विषय संपला.

हे फार वाया जातं असं मला वाटतं, कारण जग उभं करायचं भाषेइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. नकाशा नको, मिनिएचर नकोत, नवे नियमही फारसे नकोत. नव्या भाषेचं व्याकरण रचायचीसुद्धा गरज नाही. ज्यांना त्यात गोडी आहे त्यांनी जरूर रचावं, पण टेबलावर ते क्वचितच उतरतं. टेबलावर उतरतो तो एकच प्रश्न: या भाषेपायी कुणाचं कुणावाचून अडतं? तेवढं ठरलं की बोली, लिपी, दुभाषे, खोटे दस्तऐवज, हेरगिरी हे सगळं त्यातून आपोआप सुचत जातं.

नियमांचे दाखले 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीतले, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले घेतले आहेत. दुसरी सिस्टीम खेळत असाल तरी पायऱ्या त्याच. सोबत नमुन्याला एक काल्पनिक मुलूख घेऊ: सातखोरं. सात डोंगरी खोरी, त्यांच्या तोंडाशी मोरवेळ नावाचं बंदर, आणि दोन पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून येऊन हा मुलूख जिंकलेलं राजघराणं.

पायरी १: पाच जागा लिहा

वहीत पाच शब्द एकाखाली एक लिहा: घर, बाजार, दरबार, देऊळ, छावणी. प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंदवा. तिथे बोलतात काय आणि तिथे लिहितात काय. या दोन्हींची उत्तरं एकच येत असतील तर थोडं थांबा, कारण खऱ्या इतिहासात ती सहसा वेगळी असतात.

सतराव्या शतकातलं दख्खन बघा. विजापूरच्या दरबाराची भाषा फारसी, शिपायांच्या तोंडी दखनी, गावात मराठी, पूजापाठ संस्कृतात. दरबारातून गावाकडे जाणाऱ्या कागदावर पुष्कळदा वर फारसी मजकूर असे आणि खाली तोच मोडी लिपीतल्या मराठीत. एकच हुकूम, पण तो पोचवायला दोन कारकून. त्याहून मागे जायचं तर इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात इजिप्तचा फेरो बॅबिलोनच्या आणि हित्तींच्या राजांशी पत्रव्यवहार करायचा तो इजिप्शियन भाषेत नव्हे, अक्कडियनमध्ये, मातीच्या विटांवर. इजिप्तमध्ये घरात अक्कडियन कोण बोलणार? तरीही राजनीती तिच्यातच चाले.

सातखोऱ्याचा तक्ता असा होतो. घरात खोरी. बाजारात वेळकी, ही बंदरावर तयार झालेली मिश्र बोली. दरबारात उत्तरी. देवळात आदिवाणी, जी आता कुणाचीच मातृभाषा नाही. छावणीत हुकूम उत्तरीत आणि शिव्या खोरीत. जमिनीच्या जुन्या नोंदी मात्र खोरी भाषेत, कारकुनांच्या 'रेघी' लिपीत.

आता अडणुकीच्या रेघा ओढा. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला जमिनीचा दावा उत्तरीत लावावा लागतो, म्हणून त्याचं अर्जनविसावाचून अडतं. उत्तरी राणीला जुन्या नोंदी वाचता येत नाहीत, म्हणून तिचं रेघी येणाऱ्या कारकुनांवाचून अडतं. कारकुनांना ही अडणूक टिकायला हवी आहे, कारण त्यांच्या घराण्यांची भाकरी तीवर आहे. अजून एकही राक्षस आलेला नाही, आणि तीन साहसांचं बी पेरून झालं.

पायरी २: आकडा आवरा

२०१४ च्या पुस्तकात आठ नेहमीच्या आणि आठ दुर्मिळ अशा सोळा भाषा आहेत, शिवाय ड्रुइडांची, म्हणजे निसर्गपूजक जादूगारांची, आणि चोरांची वेगळी. एका कॅम्पेनला इतक्या झेपत नाहीत. चार ते सहा ठेवा. कसोटी सोपी आहे: पुढच्या दोन-तीन सेशनमध्ये जी भाषा न आल्यामुळे कुणाचंच काही बिघडणार नाही, ती सध्या यादीत नको. आणि प्लेयरने निवडलेली भाषा यादीतून काढून टाकत असाल तर आधी त्याला सांगा व बदली भाषा द्या. ते त्याचं हक्काचं आहे.

पायरी ३: कॉमनचं काय करायचं?

कॉमन पूर्ण काढली तर पार्टीत, म्हणजे प्लेयरांच्या पात्रांच्या टोळीत, आपसात बोलणं होत नाही आणि खेळ रडतो. पूर्ण ठेवली तर बाकीच्या भाषा शोभेच्या होतात. मधला रस्ता म्हणजे कॉमनला तिची खरी जागा द्यायची, बाजारात.

भूमध्य समुद्राच्या बंदरांवर कित्येक शतकं अशी एक बोली चालत होती, साबीर नावाची. शब्द बहुतेक इटालियन, स्पॅनिश वळणाचे, थोडे अरबी-तुर्की, क्रियापदं न चालवता तशीच वापरलेली. खलाशी, व्यापारी, गुलाम, कप्तान सगळ्यांचं काम तिच्यावर भागे. पण तिच्यात कुणी कायदा लिहिला नाही की प्रार्थना रचली नाही. तुमची कॉमन अशी असू द्या: भाव करता येतो, वाट विचारता येते, धमकी देता येते. साक्ष देणं, तह करणं, कुणाचं सांत्वन करणं तिच्यात जमत नाही. पार्टी आपसात वेळकीत बोलते असं धरा आणि त्या बोलण्यावर कसलीही बंधनं घालू नका. बंधनं फक्त बाहेरच्यांशी बोलताना.

त्यासाठी 'येते' आणि 'येत नाही' यांच्यामध्ये पायऱ्या लागतात. 'गर्प्स' या दुसऱ्या सिस्टीममध्ये त्या आहेत, आणि तिथे बोलणं व लिहिणं वेगवेगळं मोजतात. डी अँड डीमध्ये नाहीत, म्हणून मी तीन पातळ्या वापरते: तुटकी, कामापुरती, मुरलेली. मुरलेलीला कसलाच अडसर नाही. कामापुरती असेल तर रोजचे व्यवहार विनासायास होतात, पण कायदा, काव्य, टोमणे आणि थट्टा निसटते. शिवाय परका माणूस आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, म्हणजे वेषांतर करून तिथलेच असल्याची बतावणी जमत नाही.

तुटकीसाठी एकच नियम पुरतो: एका वेळी जास्तीत जास्त पाच शब्द. डाइस नंतर, आधी प्लेयरने ते पाच शब्द स्वतः तोंडाने बोलायचे. उदाहरण बघा. पार्टी पुलावर अडली आहे, पहारेकरी उत्तरी बोलतो, आणि उत्तरी येते ती फक्त ड्रुइडला, तीही तुटकी. तिला सांगायचंय की आम्ही व्यापारी आहोत, माल मागच्या गाडीत आहे, पावसामुळे उशीर झाला.

"आम्ही व्यापारी. गाडी मागे. पाऊस."

पहारेकरी विचारतो, गाडी अजून का पोचली नाही?

"मित्र गाडीत. घोडा. फार आजारी."

आजारी घोडा आहे, हे तिला म्हणायचं होतं. पहारेकऱ्याच्या डोक्यात बसलं की गाडीतून रोगी माणूस आणताहेत. तो पूल बंद करतो आणि वैद्याला बोलावणं धाडतो. इथे कुणी रोल चुकवला नाही, डीएमने मुद्दाम खोडी काढली नाही. प्लेयरच्याच तोंडून निघालेल्या शब्दांतून गुंता झाला, म्हणून तो सोडवायला टेबलावरचे सगळे हिरिरीने पुढे होतात. त्यानंतर पटवण्याचा रोल घ्यायचाच असेल तर डिसअॅडव्हान्टेजवर, म्हणजे दोन डाइस टाकून कमी आकडा धरून, घ्या.

पायरी ४: बोली

बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी फँटसी जगात हजार मैल पसरलेलं एल्फांचं राज्य एकाच सुरात बोलतं. रूलबुकमध्ये एक चांगला धागा आहे, तो उचला: प्रायमॉर्डियल या भाषेच्या चार बोली दिल्या आहेत, वारा, पाणी, अग्नी आणि पृथ्वी यांच्या जीवांच्या, आणि त्या बोलणाऱ्यांना एकमेकांचं समजतं. बोलीचं काम हेच. समजायला ती अडवत नाही, पण माणूस कुठला, कुणाचा, हे सांगून टाकते.

प्रत्येक बोलीला तीनच खुणा द्या. एक उच्चाराची, एक शब्दाची, एक संबोधनाची. याहून जास्त तुमच्याच लक्षात राहणार नाहीत. वरच्या खोऱ्यातली माणसं वाक्याचा शेवटचा शब्द लांबवतात. नदीला नावाने न संबोधता 'थोरली' म्हणतात. आणि सगळ्यांना अरे-तुरे करतात, देवाला, पाहुण्याला, राणीलाही. ही तिसरी खूण मराठी टेबलावर फार कामाची आहे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे तीन मजले तयार आहेत, आणि त्यांचा धक्का प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. वरच्या खोऱ्याचा म्हातारा दरबारात उभा राहून राणीला म्हणतो, "तू आमचं पाणी सोड." त्याच्या बोलीत हा आदरच आहे. दरबारात तलवारींवर हात गेलेले असतात. आता पार्टीतल्या कुणीतरी अर्ध्या मिनिटात मध्ये पडायला हवं.

मग प्रत्येक बोलीपुढे आणखी एक ओळ लिहा: ती ऐकल्यावर बाकीचे काय समजतात? मोरवेळचा सावकार वरच्या खोऱ्याचा सूर ऐकला की व्याज चढवतो. मंदिरातले पुजारी तीच बोली ऐकून हळवे होतात, कारण आदिवाणीतले जुने शब्द तिच्यात अजून जिवंत आहेत. एकाच बोलीकडे दोन ठिकाणी दोन नजरा असल्या की ती खरी वाटते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मराठीत खेळताना गॉब्लिनला वऱ्हाडी, नोकराला मालवणी आणि शहाण्या जादूगाराला पुस्तकी मराठी अशी वाटणी करू नका. नाटक-सिनेमांनी लावलेली ही सवय आहे आणि ती नकळत हातून घडते. टेबलावर बसलेल्या कुणाच्या तरी घरातली ती भाषा असते. उलट तुमच्या गटात कुणी अहिराणी किंवा झाडीबोली बोलणारं असेल आणि त्यांना आवडणार असेल, तर ती राजवंशाला द्या, ग्रंथपालाला द्या, ड्रॅगनला द्या. ज्याला बोली येत नाही त्याने तिची नक्कल करूच नये. "तो वरच्या खोऱ्याच्या सुरात बोलतोय" एवढं सांगणं पुरेसं असतं.

पायरी ५: वाचता कुणाला येतं, लिहिता कुणाला?

पाचव्या आवृत्तीत भाषा आली की वाचणं-लिहिणंही आलं असं धरतात. तिसऱ्या आवृत्तीत निदान बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, तरी निरक्षर असे. दोन स्किल पॉइंट खर्चून त्याला अक्षरओळख मिळवावी लागे. हा नियम एकट्या बार्बेरियनवर का लादला हे मला कधीच पटलं नाही. तलवारबाज शेतकऱ्याचा मुलगा असेल तर तो वाचायला शिकला कुठे? भारतात १९०१ च्या जनगणनेतसुद्धा शंभरातल्या सहा जणांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं.

पण म्हणून सरसकट 'गरीब निरक्षर, श्रीमंत साक्षर' अशी रेघ मारू नका. साक्षरता लिहायचं साधन काय आणि कामं कोणती यावर ठरते. रशियातल्या नोवगोरोदला १९५१ पासून उत्खननात भूर्जाच्या सालीवरची पत्रं सापडत आली आहेत, हजाराहून जास्त. उधारी, भांडणं, लग्नाची बोलणी. साल फुकट, टोकदार काडी पुरे, म्हणून साधी माणसंही लिहीत होती. त्यांत तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा गृहपाठ आहे. मुळाक्षरं गिरवता गिरवता कंटाळून त्याने घोड्यावर बसलेला वीर काढला, शत्रूला भाला मारणारा, आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. नॉर्वेतल्या बर्गेनला १९५५ च्या आगीनंतर खणताना अशाच लाकडी पट्ट्यांवरच्या जुन्या रून लिपीतल्या ओळी सापडल्या. मालावर मालकाचं नाव, खासगी निरोप. तुमच्या जगात कागद महाग आहे की झाडाची साल फुकट, हे आधी ठरवा. तेवढ्यावरून अर्धी साक्षरता ठरते.

उरलेली ठरवायला धंदेवार पाच थर लावा. सगळ्यात खाली खुणा ओळखणारे. त्यांच्यावर आकडे येणारे: व्यापारी, जकातीवरचे. मग वाचता येणारे पण लिहिता न येणारे. हे दोन वेगळे हुन्नर आहेत आणि पूर्वी पुष्कळांना पहिलाच यायचा. मग पत्र लिहिणारे. सर्वांत वर मसुदा करणारे, ज्यांना कुठला मायना कुणाला, मोहोर कुठे, शेवट कसा हे माहीत असतं.

तळच्या थराला कमी लेखू नका, सगळ्यात सुंदर तपशील तिथेच आहेत. जुन्या मराठी महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, गावच्या पाटलाच्या नावाशेजारी नांगराचं चित्र असतं, 'निशाणी नांगर'. बाकीचे कारागीरही आपापल्या अवजाराची खूण करत. अक्षर येत नसलं तरी त्या माणसाची सही होती, आणि ती गावात सगळ्यांना वाचता येत होती. सातखोऱ्यात लोहाराने आपल्या खुणेतला हातोडा नेहमी डावीकडे काढला आणि या दस्तावर तो उजवीकडे आहे. हे ध्यानात येईल ते पार्टीतल्या निरक्षर फायटरला, तिथेच वाढलेल्याला. विद्वान विझर्डचं इथे त्याच्यावाचून अडतं. साक्षरतेचा नियम लावल्यावर फायटरच्या प्लेयरला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये, म्हणून असे प्रसंग मुद्दाम ठेवा.

वाचता येणं जीवही वाचवू शकतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आरोपीने बायबलमधलं वचन वाचून दाखवलं तर तो धर्मसंस्थेचा माणूस धरला जाई आणि फाशी टळे. बहुधा एकावन्नाव्या स्तोत्राचं पहिलं कडवं पुढे ठेवत, म्हणून चोर ते पाठ करून येत. वाचनाची ही अट १७०६ मध्ये काढली. पार्टीतला रोग (इंग्रजी 'rogue', चोरी-चलाखीत तरबेज पात्र) तुरुंगात असेल, अक्षरशत्रू असेल, आणि रात्रभराची मुदत असेल, तर बार्डने, म्हणजे पार्टीतल्या गायक-कवीने, कोठडीच्या खिडकीतून त्याला आदिवाणीचा श्लोक शिकवायचा आहे. न्यायाधीशाने पान बदललं तर?

पायरी ६: लिपी भाषेपासून सोडवा

माझी सगळ्यात लाडकी पायरी ही. भाषा आणि लिपी यांची गाठ बहुतेक जण घट्ट धरून चालतात, मराठी माणसाने तरी धरू नये. आपलीच भाषा देवनागरीत आणि मोडीत लिहिली गेली. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेलं मराठी 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत होतं. कोंकणी तर आजही देवनागरी, रोमन, कन्नड अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहितात.

रूलबुकमध्ये याची सोय आहे, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ड्वार्विश, जायंट, नोमिश, गॉब्लिन, ऑर्क आणि प्रायमॉर्डियल या सहाही भाषा ड्वार्विश लिपीत लिहितात. म्हणजे ऑर्कांच्या सरदाराचं पत्र ड्वार्फला खडाखडा वाचता येईल. अर्थ मात्र एका शब्दाचा कळणार नाही. आता पार्टीत अर्ध-ऑर्क आहे, जिला ऑर्क भाषा आईकडून आली आहे पण अक्षर येत नाही. ड्वार्फ मोठ्याने वाचतो, ती ऐकते आणि सांगते. दोघांचं एकमेकांवाचून अडतं, आणि पत्र मोठ्याने वाचल्याशिवाय कुणालाच कळत नाही, शत्रूच्या छावणीत रात्रीच्या वेळी. त्यात ड्वार्फचे उच्चार चुकणार. ड्वार्फच्या प्लेयरला चिठ्ठीवर मजकूर थोडा बिघडवून द्या, तो त्याने जसाच्या तसा वाचावा, आणि अर्ध-ऑर्कच्या प्लेयरने त्यातून अर्थ लावावा. या एका प्रसंगासाठी सगळी खटपट करावी इतका तो रंगतो.

नवी लिपी रचायची असेल तर चिन्हं काढत बसण्याऐवजी तिचा एक दोष ठरवा. मोडीत सहसा ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहितात. सातखोऱ्याच्या रेघीला हेच गुण द्या. 'राणीकडील सुत मोरवेळेस पाठवणे' असा कागद हाती आला. सुत म्हणजे राजपुत्र पाठवायचा, की सूत, म्हणजे कापसाच्या धाग्याचा माल? संदर्भ माहीत असलेला कारकूनच सांगू शकेल, आणि तो खरं सांगेल याची हमी नाही.

खोटे कागद याच पायरीत येतात. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, आणि 'धरावे'चं 'मारावे' केल्याची कथा आपण अजून सांगतो. तिच्यातून डीएमने घ्यायची गोष्ट अशी: एका अक्षराचा बदल पुरतो, मोठी बनावट लागत नाही. त्यावरचा इलाजही आपल्याच दप्तरांत आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उठवत, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कुणी ओळ घुसवू नये. तुमच्या राज्याच्या कागदांनाही अशी एक शेवटखूण द्या आणि ती पहिल्या काही सेशनमध्ये सहज दाखवत राहा. पुढे एका कागदावर ती नसेल. सांगू नका. बघणाऱ्याला दिसेल.

पायरी ७: दुभाषी

दुभाषी हा एनपीसी म्हणून, म्हणजे डीएम चालवतो ते पात्र म्हणून, फार मोलाचा आहे आणि त्याला नेहमी फुकट घालवलं जातं. त्याच्या तोंडून वाक्यं नुसती इकडून तिकडे जात नाहीत. त्याचं कुटुंब आहे, भीती आहे, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा त्याच्याकडेच यायचं आहे. १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला तेव्हा सोबत नारायण शेणवी दुभाषा म्हणून होता. राज्याभिषेकाच्या ऐन धामधुमीत व्यापाराच्या सवलतींची बोलणी व्हायची होती. कोणता शब्द मऊ करायचा, कोणता तसाच ठेवायचा, याचा भार अशा माणसावर किती असेल!

खेळात हे असं करा. दुभाषाची एकच इच्छा ठरवा: तह व्हावा, तह मोडावा, किंवा आपलं नाव यात येऊ नये. तो जे सांगेल त्यातलं फक्त एक वाक्य त्या इच्छेकडे झुकवा. पार्टीतलाच कुणी दुभाषी असेल तर आणखी उत्तम. दुसऱ्या बाजूचं बोलणं त्याला चिठ्ठीवर द्या, बाकीच्यांना नको. तो जे तोंडाने सांगेल तेच बाकीच्यांसाठी खरं.

चोरबोलीचं थोडक्यात: नियमानुसार चोरांच्या बोलीत निरोप द्यायला सरळ बोलण्याच्या चौपट वेळ लागतो, तेव्हा झटापटीत ती चालू देऊ नका. आणि ती फक्त शब्दांची असू नये. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरतात. चारचौघांत सौदा होतो आणि तिसऱ्याला आकडा कळत नाही. मोरवेळच्या धक्क्यावर चोरीचा माल असाच विकू द्या.

पायरी ८: मंत्रांशी भांडू नका

इथवर आल्यावर कुणीतरी म्हणतंच, "पण कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस आहे ना." आहे, आणि कुठलीही भाषा समजवणारा तो स्पेल बंद करू नये. तो नीट वाचा. पहिल्या लेव्हलचा, एक तास चालणारा. ऐकलेलं समजतं, पण उत्तर देता येत नाही. लिखाण समजायला त्याला हात लागायला हवा आणि पानाला साधारण एक मिनिट जातं. गुप्त संकेत उलगडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे कळतो तो शब्दशः अर्थ.

ही शेवटची अट सोन्यासारखी आहे. हेराच्या पत्रात लिहिलंय, 'राणीने उत्तरेच्या दूताला वाटाण्याच्या अक्षता लावल्या.' शब्दशः वाचणारा विझर्ड सांगेल की दूताचा काहीतरी विधी झाला, म्हणजे सोयरीक जमलेली दिसते. ज्याला भाषा मुरलेली आहे त्याला कळेल की दूताला हात हलवत परत पाठवलं. तुमच्या प्रत्येक भाषेसाठी असे दोन-तीन वाक्प्रचार तयार ठेवा. टेबल मराठी आहे, म्हणून खोरीसाठी जुने मराठी वाक्प्रचार वापरता येतील, आणि उत्तरीसाठी तुम्ही स्वतः घडवलेले.

तिसऱ्या लेव्हलचा टंग्ज हा स्पेल बोलण्याचं सगळंच सोपं करतो, पण वाचनाला तो उपयोगी नाही. त्यावर जगाचीच प्रतिक्रिया हवी. मंत्राखाली दिलेली साक्ष सातखोऱ्याच्या न्यायसभेत चालत नाही, आणि म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत अचानक अस्खलित बोलणारा परका भुतासारखा वाटतो. मंत्र चालतो, विश्वास मिळत नाही.

पायरी ९: शिकणं, आणि एक पान

नियमाप्रमाणे नवी भाषा शिकायला २५० दिवस आणि दिवसाला एक सुवर्णनाणं लागतं. धावत्या कॅम्पेनमध्ये इतका निवांतपणा मिळत नाही. त्याऐवजी पातळ्यांची शिडी वापरा: एखाद्या भाषेच्या माणसांत सलग एक साहस काढलं की तुटकी मिळते, तिच्यात काही महत्त्वाचं निभावलं, तह किंवा चोरी किंवा प्रेम, की कामापुरती. मुरलेली मात्र कुणीतरी शिकवावी लागते, आणि शिकवणारा बदल्यात काय मागतो हा पुढच्या सेशनचा विषय. अक्षर शिकण्याची शिडी वेगळी ठेवा.

सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीला, प्रत्येक प्लेयरला तीन प्रश्न विचारा. तुझ्या घरात काय बोलत? तुला वाचायला कुणी शिकवलं, किंवा का नाही शिकवलं? कुठल्या भाषेत बोलायची तुला लाज वाटते? तिसऱ्या प्रश्नाला लोक थांबून उत्तर देतात. त्यातून निघालेलं कॅरेक्टर पानभर बॅकस्टोरीपेक्षा ठसठशीत असतं.

मग सगळं एका पानावर आणा: पाच जागांचा तक्ता, अडणुकीच्या रेघा, बोलींच्या तीन-तीन खुणा, लिपीचा दोष, कागदाची शेवटखूण. हे पान डीएमच्या पडद्यामागे राहतं. प्लेयरना त्यातलं त्यांच्या कॅरेक्टरला माहीत असेल तेवढंच द्या.

पहिली मोठी कथा संपली की त्या पानावर एक बदल करा, कारण राज्यं बदलतात तशी दप्तरं बदलतात. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा कोश रघुनाथपंतांकडून करवून घेतला, तेव्हा कित्येक कारकुनांना हात बसलेले शब्द सोडावे लागले असतील. सातखोऱ्यात राणीने फर्मान काढलंय की यापुढे जमिनीच्या नोंदी रेघीत नाहीत, सगळ्यांना वाचता येईल अशा ठसा लिपीत होतील, आणि जुनी बाडं पावसाळ्याआधी उतरवून काढायची आहेत. पार्टीच्या दारात आता कोण उभं आहे, ते ठरवून ठेवा: बाडं जाळायला मदत मागणारा कारकून, की ती जळायच्या आत आपल्या आजोबांची नांगराची निशाणी शोधायला निघालेली शेतकरीण.